बारक्याचा बंगला

मी एक जुना दुमजली बंगला आहे. मित्रांनो, मला बघायला मान वर करू नका, खाली वाका. माझी उंची जेमतेम तुमच्या कमरेएवढी. मला पाच खोल्या आहेत, सज्जा आहे, लाल कौलं आहेत आणि एक जिना आहे, तो वर जाऊन थेट छताला टेकतो. पुढे वाटच नाही. हसा, हसा! माझ्या कारागिराने जिना आधी चिकटवला आणि वरच्या मजल्याला भोक पाडायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

माझी कहाणी सांगायला बसलोय खरा, पण तिचं तात्पर्य मला विचारू नका. माझंच डोकं चक्रावून गेलंय. खेळणं लहान मुलांसाठी असतं, एवढं मला जन्मापासून ठाऊक होतं. मग माझ्यासमोर बाप्या माणूस मांडी ठोकून बसायचा आणि लहान पोर लांब उभी राहायची, हे कसं काय? किती वर्षं विचार करतोय, पण उलगडा होत नाही. तुम्हाला झाला तर मला सांगा.

माझा कारागीर फोटोला फ्रेमा लावायच्या दुकानात कामाला होता. उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे तो पिशवीत घालून घरी आणायचा. म्हणून माझ्या दारांना आणि खिडक्यांना अशी सोनेरी नक्षी आहे, राजवाड्यालाही नसेल! भिंतींना फोटोमागचा जाड कागद, खिडक्यांना फुटक्या काचांचे तुकडे. सगळं मोजून मापून, फुटाला इंच. म्हणजे खऱ्या घरात जे एक फूट, ते माझ्यात एक इंच. फक्त त्या जिन्याने घात केला.

मला बनवलं होतं त्याच्या मुलीसाठी. पण तिला माझ्यात काडीचा रस नव्हता. ती झाडावर चढायची, सायकलवरून पडायची, आणि एकदा तर माझ्या कौलांवर बसली. कौलं कडाकड मोडली. माझ्यावर जीव जडला तो तिच्या धाकट्या भावाचा. तो दिसायला इवलासा, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणायचे.

बारक्याचं खेळणं म्हणजे नुसता धुडगूस! कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना त्याने नाक, डोळे काढले होते. ती माझी माणसं. माझ्या न्हाणीघरात तो खरंच पाणी ओतायचा. माझ्यात दिवसाआड भूकंप व्हायचा, चोर शिरायचे, सज्ज्यातून आजोबा खाली पडायचे आणि लगेच उठून चहा मागायचे. माझे पापुद्रे निघाले, खिडकी निखळली, पण खरं सांगू? तेव्हा मी जेवढा सुखात होतो तेवढा पुन्हा कधीच नव्हतो.

मग एक दिवस त्याचे वडील दुकानात काम करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्या वेळी माझ्यातली चिमट्यांची मंडळी जेवायला बसलेली होती. बारक्याला कोणीतरी हाक मारली आणि तो डाव तसाच टाकून गेला. घर माणसांनी भरलं. जो येईल तो बारक्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "आता रडायचं नाही. घरातला कर्ता आता तू. किती समजूतदार आहे हो पोर!" बारक्या मान डोलवायचा. त्याची मान माझ्या कौलांपेक्षा फार उंच नव्हती, मित्रांनो. पण तो डोलवत राहिला.

दोन दिवसांनी मला माळ्यावर टाकलं. चिमटे उचलून कपडे वाळत घालायला नेले, नाक-डोळ्यांसकट.

माळ्यावरच्या वर्षांबद्दल काय सांगणार? धूळ, झुरळं आणि खालून येणारे आवाज. त्यातून एवढं कळलं की बारक्या शाळा संपताच एका कवळ्या बनवणाऱ्याकडे लागला. आधी प्लास्टर कालवायचा, मग मेणाचे दात बसवायचा, मग स्वतःच कवळ्या करायला लागला. हात असा बसला की डॉक्टर म्हणायचे, कवळी त्याच्याकडेच द्या. पुढे त्याचं लग्न झालं. बायको गाडी चालवायला शिकवते. मोठी खमकी बाई! शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून दिवसभर स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबते आणि घरी येऊन म्हणते, "आज चौघांना मरता मरता वाचवलं. चहा टाक."

त्यांना मुलगी झाली आणि मला माळ्यावरून उतरवलं. माझा आनंद गगनात मावेना! म्हटलं, आले माझे दिवस परत. भिंगरीची आईसुद्धा खूश झाली. हो, मुलीला सगळे भिंगरीच म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून ती जागच्या जागी गरगर फिरायची. आई म्हणाली, "लेकीसाठी काढलास होय? चार वर्षांची झाली की खेळेल मजेत."

बारक्याने मला पुसलं, घासलं, रंगवलं. मग तो माझ्यासाठी सामान करायला लागला. दातांचं काम करायची बारीक हत्यारं त्याच्याकडे होतीच. त्याच हत्यारांनी त्याने खुर्च्या कोरल्या, पलंग कोरला, उघड-मीट होणारी कपाटं केली. माझ्या न्हाणीघरातलं बेसिन कवळीच्या हिरड्यांचं उरलेलं साहित्य वापरून केलंय, त्यामुळे ते बघितल्यावर उगाच दात घासावेसे वाटतात. जिना मात्र त्याने तसाच ठेवला. आणि सगळं झाल्यावर त्याने माझ्या दर्शनी बाजूला एक मोठी काच बसवली.

काच बघून मी जरा चपापलो. पण पाहुणे येऊन वाहवा करायला लागले आणि मी शेफारलो. "काय हात आहे!" "हे खरंच उघडतं?" माझ्यासारखेच बंगले जपणारे आणखी काही मोठे लोकही यायचे. तासन्‌तास बोलायचे, एका दाराच्या कडीवरून वाद घालायचे. माझ्यात माणसं मात्र नव्हती. कोणी विचारलं तर बारक्या म्हणायचा, "माणसं ठेवली की पसारा होतो."

भिंगरी चार वर्षांची झाली, पाच वर्षांची झाली. ती माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरायची. बारक्या फडकं घेऊन यायचा आणि वाफ पुसायचा. "नुसतं बघायचं हं, सोन्या. हात नाही लावायचा."

"मग कधी लावायचा?"

"मोठी झालीस की."

आता बोला! मोठं झाल्यावर खेळायचं आणि लहानपणी नाही? मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक होतेय.

बारक्या वाईट माणूस होता असं समजू नका. दारू नाही, सिगारेट नाही, कुणाला उणा शब्द नाही. पण घरातलं काहीही ठरवायची वेळ आली की स्वारी माझ्यासमोर. भिंगरीच्या शाळेत कोण जाणार? नळ कोण दुरुस्त करून घेणार? घरमालकाशी कोण बोलणार? बारक्या चिमट्यात मोहरीएवढा दिवा धरून म्हणायचा, "हो हो, बघू." आणि बायकोने ते काम उरकूनही झालेलं असायचं.

एकदा त्याची ताई आली होती. हो, तीच कौलं मोडणारी. बारक्या कामावर गेलेला. दोघी नणंदा-भावजया माझ्या समोरच बोलत बसल्या.

ताई म्हणाली, "बाबा गेले तेव्हा हा खेळत होता गं. तो डाव अर्धाच राहिला. तिथेच अडकलाय बिचारा."

"बिचारा कसला?" भिंगरीची आई म्हणाली. "माझे वडील तर मी रांगत होते तेव्हाच गेले. मी अडकले कुठे? सोयीचं पडतं त्याला. इथे बसलं की कोणी काही विचारत नाही."

"पण शांत असतो ना?"

"घरात एकाने शांत बसायचं ठरवलं ना ताई, की दुसऱ्याला आरडाओरडा करावाच लागतो. वाईट मी ठरते."

ताईचं पटलं मला. लगेच तिच्या भावजयीचंही पटलं. आणि संध्याकाळी बारक्या आपल्या मित्राला म्हणाला, "दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बसेल असं करायचं. इथे मला हवं तसं करतो, एवढंच," तर तेही पटलं! तिघंही बरोबर कसे असतील? माझ्या पाच खोल्या रिकाम्या असून डोक्यात मात्र गर्दी झाली.

तर मित्रांनो, आता टेबलाची गोष्ट. भिंगरी तिसरीत गेली आणि तिला अभ्यासाला टेबल हवं झालं. तोवर ती इस्त्रीच्या फळीवर वही ठेवून लिहायची. फळी हलायची, अक्षर वाकडं यायचं, बाई लाल रेघ मारायच्या. आई म्हणाली, "विकत आणू या." पण बारक्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "छे, विकतचं कशाला? माझ्या लेकीला मी करून देतो. आधी नमुना करतो, मग मोठं." भिंगरीने आनंदाने तीन गिरक्या घेतल्या.

नमुना करायला त्याला सगळा पावसाळा लागला. झाला मात्र देखणा! खाली दोन खण, खणांना मण्यांच्या मुठी, पाय ठेवायला आडवी पट्टी. काच उघडून त्याने तो माझ्या वरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला आणि मागे सरकून बघत राहिला.

भिंगरीही बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी यात मावणार नाही."

"अगं, हा नमुना आहे."

"नमुना टेबल नाही, तूच आहेस," आतून आई ओरडली. भिंगरी हसली नाही. ती जाऊन इस्त्रीच्या फळीवर लिहायला लागली. मोठं टेबल आज, उद्या, पुढच्या महिन्यात असं करत राहूनच गेलं. हळूहळू ती विचारेनाशी झाली. काचेशीही येईनाशी झाली. काच आता आपोआप स्वच्छ राहायची आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी फोन वाजला. बारक्या माझ्या दिवाणखान्यातल्या खुर्चीचा पाय चिकटवत होता. त्याने फोन घेतला. "हो... हो... कुठल्या हॉस्पिटलला?... हो." मग फोन खाली ठेवला, परत माझ्यासमोर येऊन बसला आणि खुर्चीचा पाय धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. तो हलला नाही.

भिंगरी पळत गेली, स्टुलावर चढली, गॅस बंद केला, आणि परत आली.

"बाबा, कोणाचा फोन होता?"

"आईचा पाय... शिकणाऱ्याने गाडी भिंतीवर घातली. ऑपरेशन करायचंय म्हणे."

"मग चल ना!"

"हो. एवढं चिकटू दे. हात काढला तर निसटेल."

मला ओरडावंसं वाटलं, अरे मूर्खा, मोडू दे ती खुर्ची, ऊठ! पण बंगल्याला कुठला आवाज? भिंगरी क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने खालचा ओठ दातांखाली धरला आणि वळली. कपाट उघडल्याचा आवाज आला. तिने पिशवीत आईचे कपडे भरले, टॉवेल घेतला, पाण्याची बाटली भरली. फोनवरून आत्याला म्हणाली, "आत्या, तू लगेच ये. बाबाला काही सुचत नाहीये." मग बापाच्या चपला आणून त्याच्या पायाशी मांडल्या, त्याच्या चिमटीतून खुर्ची काढून घेतली आणि त्याचा हात धरून त्याला उठवलं. तो उठला. दाराला कुलूपसुद्धा तिनेच लावलं.

आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. पण पुढचे दिवस मी जे पाहिलं, त्याने मला काही चैन पडेना. आठ वर्षांची पोर गरगर फिरायची थांबली. डबे भर, औषधांच्या वेळा सांभाळ, बापाला उठव, "आज आईकडे कोण थांबणार?" असं विचार. आत्या होती मदतीला, पण घरात काय कुठे आहे ते भिंगरीलाच ठाऊक. शेजारपाजारचे लोक विचारपूस करायला आले. एका बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "किती समजूतदार आहे हो पोर! आता घर हीच सांभाळते."

भिंगरीने मान डोलवली.

बारक्या माझ्याजवळ उभा होता. काच पुसायचं फडकं त्याच्या हातात होतं. त्याने लेकीची डोलणारी मान पाहिली आणि त्याचा हात थांबला. त्याला काय आठवलं हे मी आणि तो, आम्ही दोघेच जाणत होतो. तो एकदम म्हणाला, "नाही हो. तिला नका सांगू असं. ती लहान आहे." आवाज इतका मोठा निघाला की त्या बाई बिचाऱ्या दचकल्या.

लोक गेल्यावर त्याने बिजागरीचे स्क्रू काढून माझी काच उतरवली. किती वर्षांनी माझ्या खोल्यांत वारा मोकळेपणी फिरला! बारक्या गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "भिंगरे, ये. खेळ. काय वाट्टेल ते कर."

भिंगरी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने, मोठ्या माणसासारखी म्हणाली, "नको बाबा. तुझं तुटेल."

मित्रांनो, माझी कौलं मोडली तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

बारक्याने घड्या घालायचे कपडे तिच्या पुढ्यातून ओढून घेतले आणि स्वतः घालायला लागला. वाकड्यातिकड्या. दुसऱ्या दिवसापासून डबे तो भरायला लागला, एकदा झाकण न लावताच. हॉस्पिटलमध्ये स्वतः थांबायला लागला. बायकोच्या पायाचं प्लास्टर बघून म्हणाला, "कालवलंय बरं, पण कडा नीट घासल्या नाहीत." ती म्हणाली, "तुला माझ्या पायापेक्षा प्लास्टरचीच काळजी!" आणि मग दोघं हसली, असं भिंगरीने घरी येऊन आत्याला सांगितलं.

आणि त्याने मोठ्या फळ्या आणल्या. माझ्यासमोरच जमिनीवर पसरल्या आणि टेबल करायला बसला. गंमत बघा, ज्या हाताने तो तांदळाएवढी कडी बसवतो, त्या हाताला मोठा खिळा काही जमेना. अंगठ्यावर हातोडी बसली. करवत तिरकी गेली. शेवटी टेबल उभं राहिलं, ते एका पायावर लंगडत. घरी परतलेली बायको पाय उशीवर ठेवून बघत होती.

"छोटं तर डुगडुगत नव्हतं," ती म्हणाली.

"त्यावर कोणी बसून लिहिणार नव्हतं," बारक्या म्हणाला. त्याने पुठ्ठ्याची घडी करून टेबलाच्या पायाखाली सरकवली. भिंगरीने वही उघडून पाहिली, कोपर टेकून पाहिलं, आणि अभ्यासाला बसली. छान म्हणाली, पण गिरकी काही घेतली नाही. माझ्याकडे तर वळूनही पाहिलं नाही. माझ्या खोल्यांत धूळ साचायला लागली. वाटलं, उशीर झाला. आता ही पोर मोठी होऊनच गेली.

मग एका संध्याकाळी ती बाहेरून आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या वरच्या खोलीत हात घातला. तिच्या हातात एक काळा भुंगेरा होता, उताणा, कसेबसे पाय हलवणारा. बारक्याने दोन महिने कोरलेल्या पलंगावर, त्याने स्वतः शिवलेल्या पांढऱ्या चादरीवर तिने तो चिखलासकट ठेवला. अंगावर कापसाचं पांघरूण घातलं. कपाटं ढकलून बाजूला केली, त्यातल्या एकाचं दार निखळलं.

तेवढ्यात बारक्या कामावरून आला. ती हात मागे घेऊन उभी राहिली, घाबरलेली. तो खाली वाकला. चादरीवरचा चिखल पाहिला, निखळलेलं दार पाहिलं. त्याने तोंड उघडलं. आता काय म्हणतो म्हणून माझ्या पाचही खोल्या गार पडल्या.

"कधीपासून आजारी आहे?" त्याने विचारलं.

भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "सकाळपासून. तू तपास ना."

"मी दातांचा माणूस आहे."

"मग दात बघ."

त्याने खिशातून भिंग काढलं आणि भुंगेऱ्याच्या तोंडाशी धरलं. बराच वेळ बघत राहिला. "एकही दात नाही."

"अय्या! मग?"

"कवळी करावी लागेल."

भिंगरी अशी खदखदून हसली की तोल जाऊन खालीच बसली. तिच्या पायाचा धक्का लागून माझा सज्जा तुटला. आतून आई विचारत होती, "काय पडलं रे?" इकडे भुंगेऱ्याच्या जबड्याचं माप घ्यायचं काम चाललं होतं.

त्या वेळी बारक्या मोठा झाला की पुन्हा लहान झाला? मला खरंच सांगता येत नाही. अजूनही तो सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर बसतो, चिमट्यात दिवा धरतो. अजूनही कधीकधी "बघू" म्हणतो. पण हाक आली की दिवा तिथेच टाकून उठतो, आणि मागे त्याच्या जागेवर भिंगरी येऊन बसते. मोठी माणसं खेळण्यांना का चिकटून बसतात हे मला कळलं नाही, आणि सोडावीत की नाही तेही कळलं नाही.

माझ्यासारखी जुनी खेळणी शेवटी विनंती करतात की आम्हाला जपा. मी हात जोडून उलटंच सांगतो, मित्रांनो, मला फार जपू नका. तुमच्या घरात कोणी मोठं माणूस माझ्यासारख्या बंगल्यासमोर एकटंच बसलेलं दिसलं, तर त्याला हसू नका, त्याच्यावर ओरडू नका. नुसते जवळ जाऊन बसा, आणि त्याच्याकडे जाताना सोबत एक भुंगेरा घेऊन जा.